सदऱ्याचे शेपूट आणि शंभर डॉलरचा बर्गर

अमेरिकेत हौशी वैमानिकाने पहिले एकट्याचे उड्डाण पूर्ण केले, की प्रशिक्षक कात्रीने त्याच्या सदऱ्याची पाठ कापतो. जुन्या विमानांत गुरू मागच्या आसनावर बसे आणि इंजिनाच्या गोंगाटात शिष्याचा सदरा ओढून सूचना देई, असे या प्रथेचे मूळ सांगतात. आता ओढणारा मागे नाही, मग शेपूट कशाला? नाव व तारीख लिहिलेला तो तुकडा भिंतीवर मिरवतो. केवळ खाण्यासाठी शेजारच्या विमानतळावर उडून जाण्याला ही मंडळी ‘शंभर डॉलरचा बर्गर’ म्हणतात. इंधन महागले, तरी नाव तेच. हँगरमधल्या थट्टेत मात्र कोणाचे आदळत उतरलेले विमानही निघते. चूक लपत नाही, आणि आडव्या वाऱ्यात काय करू नये, हे नवख्याला हसता हसताच कळते.