साखळदंड सुटल्यानंतर

भारतात माणसाच्या ताब्यात असलेल्या हत्तींची संख्या सुमारे अडीच हजार असून देवस्थाने, वनखात्याचे तळ, प्राणिसंग्रहालये आणि खासगी मालक यांच्याकडे ते विभागलेले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा हत्ती पाळण्यासाठी वनखात्याकडून मालकीचा दाखला घ्यावा लागतो आणि त्याची विक्री करता येत नाही. तरीही दाखल्याविना राखलेले, मिरवणुकीसाठी किंवा भीक मागण्यासाठी शहरांतून फिरवले जाणारे आणि सर्कशीत राबवलेले हत्ती वेळोवेळी आढळतात. न्यायालयाच्या किंवा वनखात्याच्या आदेशाने त्यांची सुटका होते, तिची बातमी छापून येते आणि विषय तेथेच संपल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात सुटका ही एका दीर्घ शुश्रूषेची केवळ सुरुवात असते.

ही शुश्रूषा कशी चालते, हे उत्तर प्रदेशातील मथुरेजवळच्या हत्ती संगोपन केंद्रात पाहता येते. ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने २०१० मध्ये हे केंद्र सुरू केले आणि २०१८ मध्ये त्यालगत केवळ हत्तींसाठीचे रुग्णालय उभारले, जे देशातील अशा प्रकारचे पहिले रुग्णालय मानले जाते. येथे येणारे बहुतेक हत्ती वयस्क असतात. काहींची दृष्टी गेलेली असते, काहींचे सांधे आखडलेले असतात आणि बहुतेकांचे पाय दुखावलेले असतात.

पायांचे दुखणे हा बंदिवासातील हत्तींचा सर्वांत मोठा शत्रू आहे आणि त्याचे कारण हत्तीच्या शरीररचनेत दडलेले आहे. वरून सपाट खांबासारखा दिसणारा हा पाय आतून वेगळा असतो. हत्ती आपल्या बोटांवर उभा असतो आणि टाचेच्या बाजूला चरबी व तंतूंची जाड, लवचीक गादी त्याचा काही टनांचा भार झेलते. रानात मऊ माती, चिखल आणि खडी यांवरून दररोज मैलोन्‌मैल चालताना तळव्याची कातडी व नखे आपोआप झिजून योग्य आकारात राहतात. काँक्रीटच्या फरशीवर, स्वतःच्याच मलमूत्रात, आखूड साखळीने तासन्‌तास जखडून ठेवल्यास ही झीज थांबते, नखे वाढून चिरतात, तळव्याला भेगा पडतात आणि त्यांतून जंतू शिरून पू धरतो. हा संसर्ग हाडापर्यंत पोहोचला की तो बरा करणे अत्यंत कठीण होते, आणि दुखरा पाय वाचवण्यासाठी हत्तीने दुसऱ्या पायांवर भार टाकल्यामुळे त्यांच्या सांध्यांनाही संधिवात जडतो.

म्हणूनच संगोपन केंद्रातील दिनक्रमाचा मोठा भाग पायांभोवती फिरतो. औषधी पाण्यात पाय बुडवून ठेवणे, वाढलेली नखे कानसून घेणे, तळव्याची मृत कातडी तासणे आणि जखमेवर पट्टी बांधणे हे काम अनेकदा वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते. रुग्णालयात हलवता येण्याजोगे एक्स-रे यंत्र, सोनोग्राफी आणि शरीरातील दाहाची जागा उष्णतेवरून दाखवणारा कॅमेरा यांच्या साहाय्याने निदान होते, तर खोल तलावात शिरल्यावर पाणी शरीराचा भार पेलत असल्याने आखडलेल्या सांध्यांना वेदनेविना हालचाल करता येते.

एवढ्या बलाढ्य प्राण्यावर अंकुशाविना उपचार कसे होतात, याचे उत्तर प्रशिक्षणाच्या वेगळ्या पद्धतीत आहे. माणसाळवताना हत्तीला वेदनेची भीती घालण्याची जुनी रीत येथे बाजूला ठेवलेली असते. हत्तीने मजबूत कठड्यापलीकडून पाय पुढे केला की त्याला आवडते फळ मिळते, आणि त्याने नकार दिल्यास शिक्षा न करता थांबले जाते. हत्तीला स्वेच्छेने सहभागी होता येते आणि माणूसही सुरक्षित राहतो, हे या पद्धतीचे दुहेरी मोल आहे.

आहाराचा विचारही तितकाच महत्त्वाचा ठरतो. प्रौढ हत्तीला दिवसाला साधारण दीडशे किलो चारा लागतो आणि त्यातील निम्म्याहून कमी भागच पचत असल्याने निसर्गात तो दिवसाचा बहुतांश काळ चरण्यात घालवतो. आयुष्यभरात हत्तीच्या दाढांचे सहा संच क्रमाने येतात. शेवटचा संच झिजला की त्याला कडक चारा चावता येत नाही, म्हणून वृद्ध हत्तींना बारीक चिरलेला चारा आणि शिजवलेले मऊ अन्न द्यावे लागते.

शरीर सावरले तरी एकाकीपणाचा प्रश्न उरतो. हत्तिणी वडीलधाऱ्या मादीच्या नेतृत्वाखालील कळपात जन्मभर राहतात आणि माणसाला ऐकू न येणाऱ्या खोल स्वरांतूनही परस्परांशी संपर्क ठेवतात. एकटीच बांधून ठेवलेल्या हत्तिणीचे हे सारे जग हिरावले जाते. नव्या हत्तीला मात्र लगेच इतरांत सोडता येत नाही, कारण माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसाला होऊ शकणाऱ्या क्षयरोगासह अन्य आजारांच्या तपासण्या आधी कराव्या लागतात. त्यानंतर कठड्याआडून ओळख होते आणि ज्यांचे जुळते त्यांना एकत्र ठेवले जाते.

अशा हत्तींना रानात का सोडत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. केनियातील शेल्ड्रिक ट्रस्ट अनाथ पिल्लांना दुधावर वाढवून टप्प्याटप्प्याने त्साव्होच्या जंगलात परत मिसळू देते, परंतु ती पिल्ले रानातच जन्मलेली आणि कोवळ्या वयाची असतात. दशकानुदशके साखळीत राहिलेला, दुखऱ्या पायांचा आणि माणसाची भीती उरलेली नसलेला हत्ती अन्नासाठी वस्तीकडे वळण्याची शक्यता असल्याने त्याचा उर्वरित जन्म आश्रयस्थानातच जातो.

महाराष्ट्राने हा प्रश्न जवळून अनुभवला आहे. कोल्हापूरच्या जोतिबा देवस्थानाला अर्पण झालेल्या सुंदर नावाच्या हत्तीला मारहाणीच्या तक्रारींनंतर २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंगळूरजवळील बन्नेरघट्टा येथे हलवण्यात आले. २०२५ मध्ये त्याच जिल्ह्यातील नांदणी मठाच्या हत्तिणीला न्यायालयीन आदेशानुसार जामनगरच्या ‘वनतारा’ केंद्रात नेले गेले, तेव्हा जिल्हाभर तीव्र जनभावना उसळली. ती भावना खरी होती आणि तिचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु कोणत्याही हत्तीविषयीच्या प्रेमाची कसोटी त्याचे तळवे, त्याचा सहवास आणि त्याला मिळणारी मोकळी जमीन यांवरच लावली पाहिजे, मग तो मठात असो वा केंद्रात.

सुटका झालेला प्रत्येक हत्ती काही दशकांची जबाबदारी घेऊन येतो आणि आश्रयस्थानांची क्षमता मर्यादित असते, त्यामुळे मूळ उपाय मागणी घटवण्यातच आहे. केरळमधील त्रिशूर जिल्ह्यातील इरिंजाडप्पिल्ली श्रीकृष्ण मंदिराने २०२३ मध्ये उत्सवासाठी यांत्रिक हत्ती स्वीकारला आणि जिवंत प्राण्याविनाही परंपरा राखता येते हे दाखवून दिले. हत्तीवरची सैर नाकारणे, रस्त्यावर फिरवल्या जाणाऱ्या हत्तीच्या सोंडेत नाणे न ठेवणे आणि मिरवणुकीसाठी हत्ती न मागवणे एवढे सामान्य नागरिकाच्या हाती आहे; त्याच्या या नकारांमुळेच पुढच्या पिढीतील पिल्ले आपल्या कळपात राहू शकतील.