सहा सेंटिमीटरवरून दिसणारी पाथर्डी

पाथर्डीतल्या एखाद्या गच्चीच्या कठड्यावर फळी टाका, तिच्यावर १:२४ मापाची मोटार ठेवा आणि मागे गर्भगिरीचे डोंगर येऊ द्या. उभ्याने फोटो काढलात तर खेळणं ते खेळणंच दिसेल. कारण माणूस रस्त्यावरची गाडी साधारण दीड मीटर उंचीवरून पाहतो. त्याला २४ ने भागलं की उरतात जेमतेम सहा सेंटिमीटर. मोबाइल तेवढाच खाली आणा.

तरी चोरी पकडली जाते ती धूसरपणामुळे. भिंग जितकं रुंद, तितकी स्पष्ट दिसणारी खोली कमी. मोबाइलच्या भिंगाचं छिद्र दोन मिलिमीटरचं धरलं, तरी खेळण्याच्या जगात ते जवळपास पाच सेंटिमीटरचं होतं! म्हणून अगदी जवळ जाऊ नका. थोडं मागे सरा आणि नंतर कडा कापा. अमेरिकेतल्या मायकल पॉल स्मिथ यांनी साध्या कॅमेऱ्याने, खऱ्या घरा-झाडांसमोर टेबल मांडून ‘एल्जिन पार्क’ नावाचं अख्खं गाव असंच भासवलं.

मातीचंही गणित आहे. एक मिलिमीटरचा खडा इथे २४ मिलिमीटरची खडी ठरतो. तेव्हा पिठाच्या चाळणीतून चाळलेली धूळच बरी. ती पाथर्डीत उन्हाळ्यात मागावी लागत नाही.

ऊन मात्र फुकट आणि बिनचूक. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, त्यामुळे गाडी लहान झाली की सावलीची मऊ कडाही त्याच प्रमाणात आकसते. घरातल्या ट्यूबलाइटखाली हे जमत नाही.