‘नाव चर्चेत आहे’ म्हणजे नेमकं काय? उमेदवाराची हवा आणि अनुभव कसा तोलायचा, हे नाशिककडून समजून घ्या

२०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये नाशिकचा एकही दिवस लोकसभेच्या उमेदवारीची बातमी आल्याशिवाय गेला नसेल. जागा शिंदे गटाच्या शिवसेनेकडे, खासदार हेमंत गोडसे. मार्चमध्ये श्रीकांत शिंदे यांनी नाशिकच्या मेळाव्यात गोडसेंचं नाव जाहीर करून टाकलं आणि स्थानिक भाजप कार्यकर्ते नाराज झाले. मग राष्ट्रवादीचे मंत्री छगन भुजबळ यांचं नाव पुढे आलं. दिल्लीतूनच त्यांच्या नावाचा आग्रह आहे अशा बातम्या आल्या. मराठा-ओबीसी वादाची पार्श्वभूमी असल्यामुळे त्यावर चर्चा, प्रतिचर्चा, टीव्हीवरचे वाद, सगळं झालं.

१९ एप्रिलला भुजबळांनी पत्रकार परिषद घेऊन आपण शर्यतीत नसल्याचं सांगितलं. निर्णयाला लागलेला उशीर हे त्यांनी दिलेलं कारण होतं. गोडसेंच्या उमेदवारीची अधिकृत घोषणा झाली १ मे रोजी. अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस ३ मे, मतदान २० मे.

या सगळ्या गदारोळात एक नाव २७ मार्चलाच ठरलं होतं. ठाकरे गटानं सिन्नरचे माजी आमदार राजाभाऊ वाजे यांना उमेदवारी दिली. गंमत म्हणजे त्या गटातही आधी चर्चा दुसऱ्याच नावाची होती, विजय करंजकरांची. वाजेंभोवती कॅमेऱ्यांची गर्दी नव्हती. निकाल लागला तेव्हा वाजेंना ६ लाख १६ हजारांवर मतं होती आणि गोडसेंपेक्षा ती १ लाख ६२ हजारांनी जास्त होती.

यावरून कुणी म्हणेल, बघा, हवा हरली आणि साधा माणूस जिंकला. इतकं सोपं ते नाही. कांद्यावरच्या निर्यातबंदीचा राग होता, शिवसेना फुटल्याची सहानुभूती होती. वाजे जिंकले म्हणून ते जास्त लायक, किंवा गोडसे हरले म्हणून कमी लायक, असं निकालावरून ठरत नाही. पण एक गोष्ट मात्र दिसते. जवळपास महिनाभर ज्याची सर्वाधिक चर्चा झाली, तो माणूस मतपत्रिकेवर आलाच नाही. आणि ज्यांच्यातून निवड करायची होती, त्यांतलं एक नाव मतदारांना पक्कं कळलं ते मतदानाच्या एकोणीस दिवस आधी.

नाव चर्चेत आणतं कोण?

‘नाशिकमधून अमुक यांचं नाव आघाडीवर’ अशी बातमी वाचताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा. नाव आपोआप चर्चेत येत नाही. कधी इच्छुक स्वतःच ते आणतो: वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक, त्यावर ‘भावी खासदार’, नवरात्रातले कार्यक्रम, मग त्या कार्यक्रमांच्या बातम्या. कधी पक्ष खडा टाकून पाहतो. नाव सोडायचं, कोण चिडतं ते बघायचं, फारच चिडले तर ‘आम्ही असं कधी म्हटलंच नव्हतं’ म्हणायचं. आणि कधी नाव विरोधकच पेरतात, कारण तो माणूस उभा राहिला तर त्यांचं काम सोपं होणार असतं. वाचणाऱ्याला तिन्ही बातम्या सारख्याच दिसतात.

यात पैशाचाही भाग आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. पण लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ नुसार हा हिशोब सुरू होतो तो उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून आणि संपतो निकालाच्या दिवशी. म्हणजे त्याआधी वर्षभर शहरभर फलक लावले, यात्रा काढल्या, भंडारे घातले, तरी तो खर्च उमेदवाराच्या खात्यावर येत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीनं तो अजून उमेदवारच नसतो. सुरुवातीची हवा ही त्यामुळे निवडणुकीतली सर्वांत कमी तपासली जाणारी गोष्ट ठरते.

अर्ज भरल्यानंतरची हवा तपासायला तरी यंत्रणा आहे. पैसे देऊन छापलेल्या बातम्यांवर लक्ष ठेवण्यासाठी जिल्हा पातळीवर समित्या असतात. त्यांचं काम किती कठीण आहे, हे २००९ च्या ‘अशोक पर्व’ प्रकरणात महाराष्ट्रानं पाहिलंय. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारे जवळपास सारखे मजकूर एकमेकांच्या स्पर्धक वृत्तपत्रांत आले होते. निवडणूक आयोगानं जुलै २०१४ मध्ये त्यांच्या खर्चाच्या हिशोबाबद्दल नोटीस काढली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आयोगाचा आदेश रद्द केला. पाच वर्षं गेली. मधल्या काळात ती विधानसभेची मुदतही संपत आली होती.

आणि अनुभव? तो तरी कुठे सरळ आहे

हवा नको, अनुभव बघा, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. नाशिकचा इतिहास त्यांना जरा अडचणीत आणतो. १९७७ पासून २००९ पर्यंत नाशिकमध्ये लोकसभेच्या दहा निवडणुका झाल्या आणि दहा वेगवेगळे खासदार निवडून आले. विठ्ठलराव हांडे, प्रताप वाघ, मुरलीधर माने, डॉ. दौलतराव आहेर, डॉ. वसंत पवार, राजाराम गोडसे, माधवराव पाटील, उत्तमराव ढिकले, देविदास पिंगळे, समीर भुजबळ. बत्तीस वर्षं नाशिकनं दिल्लीला दर वेळी नवा माणूस पाठवला. हे सगळं मतदारांच्या लहरीवर ढकलता येणार नाही. पक्षही चेहरे बदलत होते. २०१४ मध्ये राष्ट्रवादीनं समीर भुजबळ खासदार असतानाही त्यांच्याऐवजी छगन भुजबळांना उभं केलं.

त्या २०१४ च्या लढतीत अनुभवाचं पारडं किती झुकलेलं होतं बघा. एका बाजूला मुंबईचे माजी महापौर, माजी उपमुख्यमंत्री, मंत्रिपदाची अनेक वर्षं. दुसऱ्या बाजूला हेमंत गोडसे, जे २००९ ला मनसेकडून उभे राहून समीर भुजबळांकडून सुमारे २२ हजार मतांनी हरले होते आणि मग शिवसेनेत आले होते. मोदी लाटेत गोडसे १ लाख ८७ हजारांनी जिंकले. २०१९ ला पुन्हा जिंकले आणि नाशिकची ती जुनी रीत मोडली. मग २०२४ ला दहा वर्षांचा खासदारकीचा अनुभव घेऊन हरले.

खरा घोटाळा ‘अनुभव’ या शब्दातच आहे. कशाचा अनुभव? मंत्रिपद चालवण्याचा, मतदारसंघ बांधण्याचा, संसदेत प्रश्न मांडण्याचा, की नुसता पदावर राहण्याचा? किती वर्षं, हा आकडा प्रचारपत्रकावर मोठ्या अक्षरात असतो. त्या वर्षांत काय झालं, ते शोधावं लागतं. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र यात थोडीच मदत करतं. त्यात मालमत्ता कळते, कर्ज कळतं, गुन्हे कळतात, शिक्षण कळतं. आधीच्या पदावर त्यानं काय केलं, याचा रकाना त्यात नाही.

मनसेची पाच वर्षं

हवा आणि अनुभव यांचा हिशोब नाशिककरांनी सर्वांत जवळून पाहिला तो मनसेच्या बाबतीत. पक्ष २००६ चा. २००९ च्या विधानसभेत राज्यात त्यांचे १३ आमदार आले, त्यातले तीन एकट्या नाशिक शहरातले: वसंत गिते, उत्तमराव ढिकले, नितीन भोसले. राज ठाकरेंच्या सभा वाहिन्या पूर्ण दाखवत. फेब्रुवारी २०१२ मध्ये महापालिकेच्या १२२ पैकी ४० जागा मनसेनं जिंकल्या, सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि भाजपच्या साथीनं यतीन वाघ महापौर झाले. मनसेला मिळालेली ही पहिली मोठी महापालिका. ‘नाशिक बघा आणि मग महाराष्ट्र द्या’ असा सगळा सूर होता.

पण नाशिक चालवायचं म्हणजे काय, हे सभेत कुणी सांगितलं नव्हतं. महाराष्ट्रातल्या महापालिकेत महापौर हा अमेरिकेतल्या महापौरासारखा कारभारी नसतो. त्याला अडीच वर्षं मिळतात, तो महासभेचं अध्यक्षपद सांभाळतो. अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे, आयुक्त राज्य सरकारनं नेमलेला, आणि खर्चाची मंजुरी स्थायी समितीकडे. बहुमताला ६२ लागतात तिथे हातात ४०. राज्यात सरकार दुसऱ्यांचं. यात मार्ग काढायचा तर स्थायी समितीतली गणितं, निविदांचे नियम, आयुक्तांशी कधी भांडायचं आणि कधी नाही, हे माहीत असलेली माणसं लागतात. पक्ष सहा वर्षांचा होता; अशी माणसं त्याच्याकडे मोजकीच.

काही झालंच नाही असंही नाही. गोदापार्क, बोटॅनिकल गार्डन, मुलांसाठी ट्रॅफिक पार्क, शस्त्रसंग्रहालय ही कामं उभी राहिली. बरीचशी मोठ्या उद्योगसमूहांच्या मदतीनं, म्हणजे महापालिकेच्या तिजोरीच्या आणि प्रक्रियेच्या बाहेरून वाट काढून. ही एका अर्थानं हुशारीच होती. मात्र सिडकोतल्या किंवा सातपूरच्या मतदारानं नगरसेवकाकडे मागितलेल्या गोष्टी वेगळ्या होत्या: पाणी, खड्डे, घंटागाडी. तिथे उद्योगपती येत नाहीत. आणि अपेक्षा मोजल्या जात होत्या त्या सभेतल्या टाळ्यांच्या मापानं. २०१४ मध्ये शहरातले तिन्ही आमदार गेले, अनेक नगरसेवकांनी पक्ष सोडला आणि २०१७ मध्ये महापालिकेत मनसेच्या जागा उरल्या पाच. भाजपनं ६६ जिंकल्या.

इथे हवेला दोष देणं सोपं आहे. पण हवा ४० जागांपर्यंत घेऊन गेली, हे तिचं कामच होतं. त्यापुढचं काम तिचं नव्हतं.

प्रसिद्धी आहे, अनुभवही आहे, तरी मतं नाहीत

याच्या उलट उदाहरणही याच शहरात आहे. विजय पांढरे हे जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता. सिंचन प्रकल्पांतल्या गैरव्यवहारांबद्दल त्यांनी लिहिलेली पत्रं २०१२ मध्ये देशभर गाजली. त्याच वादळात सप्टेंबर २०१२ मध्ये अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. पांढरेंची प्रसिद्धी पोकळ नव्हती. खात्यात अनेक वर्षं काम केल्याशिवाय तसं पत्र लिहिताच येत नाही. २०१४ ला ‘आप’नं त्यांना नाशिकमधून लोकसभेला उभं केलं. त्यांची अनामत जप्त झाली. बूथवर बसायला माणसं नसली की वर्तमानपत्रातला फोटो मत आणून देत नाही.

आणि एकदा तर नाशिकला तोलायची वेळच आली नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हा महाराष्ट्राच्या तोंडी होतं. १९६३ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले. घोषणा होती, पण तिच्यामागे सहा वर्षांची मुख्यमंत्रिपदाची कारकीर्दही होती.

लवकर केलेली पाहणी काय मोजते?

एखाद्याचं नाव निवडणुकीच्या वर्षभर आधी पाहणीत पुढे दिसतं, तेव्हा मुख्यतः मोजली जाते ती ओळख. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या शर्यतीत हे ठळक दिसतं, कारण तिथे इच्छुक दीड-दोन वर्षं आधी मैदानात उतरतात. २००७ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या देशव्यापी पाहण्यांत न्यू यॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी कित्येक महिने आघाडीवर होते. प्रत्यक्ष पक्षांतर्गत मतदानात त्यांना एकही राज्य जिंकता आलं नाही. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला बराक ओबामांवर ‘नुसती हवा’ हाच आरोप होता. सेनेटमध्ये येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. ते अध्यक्ष झाले. तेव्हा हवा असलेला प्रत्येक जण पोकळ असतो असंही नाही.

नाशिक जिल्ह्यात असा थेट ‘अध्यक्ष’ निवडण्याचा अनुभव सिन्नर, भगूर, येवला, मनमाडसारख्या नगरपालिकांच्या मतदारांना आहे. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांमधून, हा नियम सरकारं बदलतील तसा बदलत आलाय: २०१६ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती काढली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. थेट निवडीत एका चेहऱ्याला मत द्यायचं असल्यामुळे हवेचा जोर तिथे जास्त चालतो.

अशा वेळी इच्छुकाचा अनुभव तपासायचा तर कागद आहेत, फक्त ते फलकांवर नसतात. तो आधी नगरसेवक असेल, तर सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात त्यानं कोणत्या ठरावावर तोंड उघडलं ते सापडतं, आणि नसेल सापडत तर माहिती अधिकारात मागता येतं. खासदार असेल तर त्याची हजेरी आणि विचारलेले प्रश्न लोकसभेच्या संकेतस्थळावर आहेत; वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी कुठे खर्च झाला, हेही पाहता येतं. पूर्णपणे नवखा असेल, तर त्यानं चालवलेली पतसंस्था, बाजार समिती, शाळा, सोसायटी यांचे लेखापरीक्षण अहवाल असतात. हे सगळं बघायला वेळ लागतो. अर्ज भरण्याची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत २०२४ मध्ये नाशिककरांकडे सतरा दिवस होते.