न बंद होणारे खाते

बँकेत उमेदवारी करताना ऐकले होते, ज्या खात्याची कुरकुर नाही, तेच आधी तपासा. ‘हिपॅटायटिस बी’ ही कावीळ अंगात मुरली की तसेच खाते होते. डोळे पिवळे होतातच असे नाही. माणूस शेतात राबत असतो आणि विषाणू यकृतात ठाण मांडून बसलेला असतो.

टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरची रोजची एक गोळी त्याची वाढ रोखते. पण सहसा त्याला हुसकावत नाही. ‘आता बरे वाटते’ म्हणून मनाने गोळी सोडली, तर आजार उसळून यकृत निकामी होऊ शकते.

आमच्या जालन्याच्या मोसंबीवाल्याला हे पटावे. २०१२-१३च्या दुष्काळात त्याने टँकरच्या पाण्यावर बागा जगवल्या; पाणी तुटले तिथे झाडे वाळली.

गोळी प्रत्येकाला लागत नाही, तपासणी मात्र लागतेच. साधारण दर सहा महिन्यांनी रक्त, डॉक्टर सांगतील तशी सोनोग्राफी. कारण कर्करोगही मुकाट्याने येतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात नेमलेल्या सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषध मोफत मिळते.

घरच्यांनी तपासून लस घ्यावी, नवजात बाळाला २४ तासांत द्यावी. एका पंगतीत जेवल्याने हा रोग लागत नाही. रुग्णाचे ताट वेगळे करू नका. गोळीची आठवण तेवढी रोज करा.