पानिपतचं डिझेल, काश्मिरी गेटचा फिल्टर

उस्तादांनी फिल्टरच्या बुडाचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि खाली कापलेली प्लास्टिकची बाटली धरली. आधी गढूळ, राखाडी पाणी आलं, त्यात काळे कण. मागोमाग पिवळसर डिझेल आलं आणि पाण्याच्या डोक्यावर जाऊन बसलं. बाटलीत सरळ दोन मजले दिसायला लागले. "देख लो भाईसाब," उस्ताद म्हणाले, "इतना पानी पी के भी चल रही थी बेचारी." डॅशबोर्डवरचा फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा दोन आठवडे लागत-विझत होता आणि सेन्सरच बिघडला असेल म्हणून मी गप्प होतो. जुन्या गुडगावातल्या उस्तादांच्या गॅरेजात मी मुकाट्याने दोन चहा सांगितले.

गाडी २०१६ ची, डिझेल, एचआर-२६ नंबरची. ओडोमीटरवर अठ्ठावन्न हजार. एवढ्या वर्षांत अठ्ठावन्न हजार म्हटलं की पुण्यातला कुणीही म्हणेल, मग नवीच की! मागच्या वेळी डिझेल फिल्टर बदलला त्यानंतर गाडी जेमतेम अकरा हजार किलोमीटर चालली होती. पण त्याला साडेतीन वर्षं झाली होती. सर्व्हिसच्या पुस्तकात प्रत्येक कामापुढे किलोमीटर आणि महिने असे दोन्ही दिलेले असतात आणि खाली बारीक अक्षरात 'यांपैकी जे आधी' असं लिहिलेलं असतं. ती ओळ कुणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती.

फिल्टर म्हणजे काय, तर मुठीत मावेल अशी एक डबी आणि तिच्यात घड्या घातलेला कागद. चाळीस-पन्नास चुण्या उलगडल्या तर तोच कागद हातभर लांब होतो. त्यावर पाणी न शोषणारा लेप असतो. डिझेल पार जातं, पाण्याचे थेंब अडतात, एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी उतरतात. केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. हा कागद चार-पाच मायक्रॉनचे कण अडवतो. एवढी चैन कशाला, याचं उत्तर पुढे इंजिनात आहे. एकेकाळी स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत निम्म्या बाजारात दिसणारं फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन घ्या. त्याच्या कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब १६०० बारपर्यंत जातो. गाडीच्या टायरमध्ये असतो दोनच्या आसपास. एवढ्या दाबाने डिझेल मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या भोकांतून उडतं. तिथे वाळूचा एक कण म्हणजे पॉलिश पेपर. पाण्याचं तर विचारूच नका, ते वंगणच धुऊन काढतं. एका इंजेक्टरच्या पैशांत डझनभर फिल्टर येतात, हा हिशोब गॅरेजवाल्याला पाठ असतो आणि मालकाला नंतर कळतो.

आता दिल्लीकडे येऊ. पानिपत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर १७६१ उभं राहतं. इथल्या मेकॅनिकच्या डोळ्यांसमोर इंडियन ऑइलची रिफायनरी. १९९८ पासून ती चालू आहे आणि दिल्लीच्या पंपांवरचं बरंचसं डिझेल तिकडून येतं. देशाला बीएस-सिक्स इंधन २०२० च्या एप्रिलमध्ये मिळालं, दिल्लीला दोन वर्षं आधी, १ एप्रिल २०१८ ला. गंधक दशलक्ष भागांत पन्नासवरून दहावर आलं. म्हणजे रिफायनरीतून निघताना डिझेल आज पूर्वी कधी नव्हतं इतकं स्वच्छ असतं. घोळ पुढे होतो. टँकर, पंपाची जमिनीखालची टाकी आणि सगळ्यात जास्त आपली स्वतःची टाकी. जानेवारीत पहाटे पाच अंश, मे महिन्यात दुपारी पंचेचाळीस. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवा शिरते, रात्री गार पत्र्यावर तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि ठिबकत तळाला जातं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि काळा चिकटा तयार होतो. बाटलीतले माझे काळे कण बहुधा तेच. मी आठवड्याला पाचशेचं डिझेल भरणारा माणूस. टाकी कधी पाव भागाच्या वर गेलीच नाही.

किलोमीटरचा आकडा दिल्लीत फसवा आहे, असं मला त्या दिवसापासून वाटायला लागलंय. गुडगाव ते कॅनॉट प्लेस ऑफिसच्या वेळेला सरासरी ताशी वीसचा वेग मिळाला तर नशीब. त्या वेगाने दहा हजार किलोमीटर म्हणजे पाचशे तास इंजिन चालू. हेच दहा हजार कुणी मोकळ्या हायवेवर साठच्या सरासरीने केले तर एकशे सदुसष्ट तास. ओडोमीटर दोघांना एकच आकडा दाखवतो. इंजिन ऑइलचं वय तासांत मोजायला हवं, हे पटायला सोपं आहे. डिझेल फिल्टरचंही तसंच आहे, हे मला उस्तादांनी समजावलं. पंप इंजिनाला लागतं त्याहून जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं परत टाकीत सोडतो. राजीव चौकाच्या सिग्नलला गाडी जागेवर उभी असली तरी फिल्टरमधून डिझेलचा फेरा चालूच असतो. चाक फिरत नाही, फिल्टर राबतो.

धुळीचं निराळंच. मे-जूनची आंधी, नोव्हेंबरचा धुरकट महिना, बाराही महिने कुठे ना कुठे चाललेलं बांधकाम. एअर फिल्टर आणि ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा एसी फिल्टर इथे पुस्तकातली मुदत पाहतच नाहीत. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत कोंदलेला एअर फिल्टर पेट्रोल खायचा. आताच्या पेट्रोल गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवा मोजून इंधन कमी सोडतो, त्यामुळे अ‍ॅव्हरेज फारसं ढळत नाही, पिकअप मात्र मरतो. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात शेवटाकडे 'खडतर वापर' असं एक वेगळं कोष्टक असतं: धूळ, सततचं थांबणं-निघणं, छोट्या फेऱ्या, कडक ऊन. ते वाचून मला हसू आलं. ही तर दिल्ली झाली!

पेट्रोलवाल्यांना वाटेल, आपण सुटलो. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंगांच्या हाती पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली, त्या काळच्या गाड्यांत पेट्रोलच्या नळीवर छोटासा फिल्टर असायचा. दोन क्लिप काढायच्या, नवा लावायचा, पाच मिनिटांचं काम. १९९९-२००० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने राजधानी क्षेत्रात युरो नियम आले, कार्ब्युरेटर गेला, आणि पुढे फिल्टर टाकीत पंपाच्या पोटात जाऊन बसला. बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलल्याशिवाय तो दिसत नाही आणि कंपनी त्याला 'आयुष्यभराचा' म्हणते. कुणाच्या आयुष्याचा, ते लिहीत नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. २०२३ च्या फेब्रुवारीत हे पेट्रोल पंपावर आलं, त्यात आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या उसाचाही वाटा आहे. पानिपतच्या रिफायनरीशेजारी तर ऑगस्ट २०२२ पासून भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करायचा कारखाना आहे; जो पेंढा जाळला की दिल्लीचे एअर फिल्टर काळे होतात, तोच. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा एक तृतीयांश कमी, म्हणजे लिटरमागे सहा-सात टक्क्यांची तूट; अ‍ॅव्हरेज थोडं पडलं तर लगेच मेकॅनिकवर डाफरू नये. पण इथेनॉल पाणी ओढतं आणि पाणी हद्दीबाहेर गेलं की दोघं मिळून तळाला बसतात. पंपाची जाळी नेमकी तिथेच असते. पाच-सात वर्षांच्या गाडीचा पिकअप चढावर दम टाकायला लागला तर सीट उचलायला सांगावं.

नवा फिल्टर आणायला मी काश्मिरी गेटला गेलो. मेट्रोतून वर आलं की मोरी गेटपर्यंत गल्लीबोळांत सुट्या भागांची दुकानं. गाडीचा चेसिस नंबर नाही, नुसतं मॉडेल आणि साल सांगितलं की माणूस मान वर न करता माळ्यावर हात घालतो. एकाच डबीचे तीन भाव: 'कंपनी का', 'ओई' आणि तिसऱ्याला नुसतं 'चलेगा'. ओई म्हणजे कंपनीला माल पुरवणाराच, त्याच्या स्वतःच्या खोक्यात. फिल्टरच्या धंद्यात फरिदाबाद आणि पुणे ही दोन्ही गावं जुनी आहेत, त्यामुळे दिल्लीत घेतलेल्या खोक्यावर पुण्याचा पत्ता दिसला की उगाच बरं वाटतं. 'चलेगा' हातात घेतला तर हलका लागला, चुण्या विरळ आणि कडेला डिंकाचे ओघळ. पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

बसवताना उस्तादांनी एक गोष्ट केली नाही, ती सांगण्यासारखी आहे. पूर्वी मिस्त्री नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने काठोकाठ भरून लावायचे, गाडी पटकन सुरू व्हावी म्हणून. जुन्या पंपाला ते खपायचं. कॉमन रेलमध्ये तसं ओतलेलं डिझेल न गाळताच थेट इंजेक्टरकडे जाऊ शकतं. उस्तादांनी रबरी रिंगला बोटाने डिझेलचा हात फिरवला, डबी कोरडीच बसवली आणि हातपंप दाबत राहिले. आधी तो पोकळ लागत होता, वीस-पंचवीस दाबांनंतर दगडासारखा घट्ट झाला. मग किल्ली. इंजिन एकदा अडखळलं, दुसऱ्यांदा धरलं.

त्या गाडीचं वय राजधानीत आणखी एका तऱ्हेने मोजतात. २०१५ चा हरित लवादाचा आणि २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश: डिझेलला दहा वर्षं, पेट्रोलला पंधरा. १ जुलै २०२५ ला दिल्लीच्या पंपांवर कॅमेरे लावून जुन्या गाड्यांना इंधन नाकारायला सुरुवात झाली आणि काही दिवसांत ते थांबवावं लागलं. ऑगस्टमध्ये न्यायालयाने निव्वळ वयावरून कारवाई करू नका म्हटलं, डिसेंबरात हे संरक्षण बीएस-फोर आणि पुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. माझी बीएस-फोर आहे, म्हणून आहे.

मध्यंतरी एका चकाचक सर्व्हिस सेंटरने मला इंजिन फ्लश, डिकार्बनायझेशन आणि इंजेक्टर क्लीनिंग असं सगळं बिलात लावलं होतं. डिझेल फिल्टर तेवढा 'चेक्ड, ओके' होता. तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला एवढंच करा: बदललेला प्रत्येक फिल्टर जुन्या डबीसकट परत मागा, आणि डिझेल गाडी असेल तर तळाचा स्क्रू तुमच्यासमोर उघडायला सांगा. बाटली घरून न्या.