धानालाही उतारा असतो!



उतारा म्हटले की आपले कान लगेच टवकारतात. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, साखर घटते, हे आता कोणाला शिकवावे लागत नाही. पण चिचगड भागातल्या आपल्या सभासदांच्या ताटात रोज येतो तो भात. त्या धानाच्या उताऱ्याचा हिशेब मात्र आपण क्वचितच मांडतो. पोते गिरणीत टाकले, तांदूळ पांढराशुभ्र निघाला, की काम झाले असे आपण समजतो. तसे ते नाही.

१०० किलोत काय असते?

१०० किलो धानात साधारण २० किलो तूस असते. त्याखाली तांबूस कोंड्याचा थर, तो ८ ते १० किलो. उरतो तो तांदूळ. सरकारी भरडाईत क्विंटलमागे कच्चा तांदूळ ६७ किलो आणि उसना ६८ किलो धरला जातो, तो याच हिशेबाने. जुन्या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकाच दमात घासून निघतात. त्यामुळे कणी, म्हणजे आपली कनकी, जास्त होते आणि तूस, कोंडा, कणी यांची खिचडी होते. रबरी रोळाच्या गिरणीत आधी फक्त तूस निघते, पॉलिश नंतर वेगळे होते. म्हणून दाणा कमी तुटतो आणि कोंडाही स्वच्छ मिळतो.

पांढरेपणाची किंमत

धानातले बी-१ जीवनसत्त्व मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात असते. पॉलिश जितके जास्त, तितके ते जास्त जाते. जावा बेटावर १८९० च्या दशकात आयकमन नावाच्या डच डॉक्टरांनी पाहिले, की पॉलिशच्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकटचा तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. बेरीबेरी रोगाचे मूळ त्यातून हाती लागले. १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या विदर्भात वर्ध्याला १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. हातसडीच्या तांदळाचा प्रचार हे त्या संघाचे एक मोठे काम होते.

आज उखळ-मुसळ घेऊन बसायला कोणाला वेळ नाही, आणि तशी गरजही नाही. घरच्या धानाला “पॉलिश कमी मारा” एवढे गिरणीवाल्याला सांगितले तरी पुष्कळ काम होते. फक्त एक ध्यानात ठेवा : कमी पॉलिशच्या तांदळात तेलाचा अंश राहतो, म्हणून तो लवकर खवट होतो. महिना-दीड महिन्यापुरताच भरडून आणावा.

उसना तांदूळ खाणाऱ्यांचा यात फायदाच आहे. धान उकडताना कोंड्यातले जीवनसत्त्व दाण्यात शिरते आणि दाणाही टणक होऊन कमी तुटतो. मात्र थंड पाण्यात दोन-तीन दिवस भिजत ठेवलेले धान आंबते, त्याला वास येतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेने रुळवलेल्या पद्धतीत सुमारे ७० अंशांच्या गरम पाण्यात तीन-चार तासांतच भिजवण होते.

बुरशी गिरणीत मरत नाही

ओले धान थप्पीला लागले की बुरशी धरते. काही बुरशींचे विष भरडून जात नाही, शिजवूनही पुरते जात नाही. ते बहुतेक वरच्या थरात, म्हणजे कोंड्यात साठते. असा कोंडा दुभत्या जनावरापुढे टाकला तर विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपलीच लेकरे पितात. म्हणून काळपट, कुबट वासाचे धान चांगल्यात मिसळू नये, आणि त्याचा कोंडा गाई-म्हशींना मुळीच घालू नये.

खळ्यावरच ठरते

गिरणीला दोष देण्याआधी आपले खळे पाहा. कापणीच्या वेळी धानात २० टक्क्यांच्या पुढे ओल असते. भरडायला आणि साठवायला ती १४ टक्क्यांच्या आत हवी. पण कडक उन्हात एकदम वाळवले, किंवा वाळलेल्या धानावर रात्री दव पडले, तर दाण्याला आतून बारीक तडे जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, गिरणीत मात्र कनकी होऊन बाहेर पडतात. तेव्हा :

१. धान ताडपत्रीवर पातळ पसरा, वरचेवर उलथत राहा. डांबरी रस्त्यावर घालू नका. तेथे खडे मिसळतात आणि दाणाही तडकतो.

२. संध्याकाळी गोळा करून झाका.

३. दाताखाली दाणा ‘कट्’ वाजला तरच पोत्यात भरा. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा.

४. कोंडा आपला आहे, तो मागून घ्या. मात्र ताजाच वापरा. त्यातले तेल दिवसभरातच बिघडू लागते.

५. घरात तांदूळ फार चोळून धुऊ नका. पेज फेकू नका.

उसाच्या काट्यावर आपण किलोकिलोवर लक्ष ठेवतो. धानाच्या पोत्यावरही तेवढेच लक्ष ठेवले तर ताटात चार घास जास्त पडतील आणि ते अंगी लागतील.