सर्वंसहा : भूकवचातील ताणाचा नकाशा

कोशकार अमरसिंहाची गणना परंपरेने उज्जयिनीच्या विक्रमादित्याच्या नवरत्नांत होते. त्याच्या अमरकोशात पृथ्वीला जी अनेक नावे दिली आहेत, त्यांत ‘अचला’ हे एक आणि ‘सर्वंसहा’ हे दुसरे. आजच्या भूशास्त्राच्या कसोटीला पहिले नाव उतरत नाही. दुसऱ्याचा अर्थ मात्र अधिकच खोल होतो. पृथ्वी अचल नाही. ती सहन करते. आणि कोणत्या दिशेचा भार ती सहन करीत आहे, याचा नकाशाही मनुष्याने काढला आहे. त्या नकाशाची ओळख करून देण्याचा आमचा हेतू आहे.

आपल्या टावर चौकाचेच उदाहरण घेऊ. फ्रीगंजमधील हा घड्याळाचा मनोरा माळव्याच्या पठारावर उभा आहे. खालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरलेला लाव्हारस होय. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर, तर हिमालयाचा पायथा सुमारे 800 किलोमीटरांवर. अशा ठिकाणी भूमीला कसला त्रास असणार, असे कोणासही वाटेल. परंतु या चौकाखालील खडकावर दोन प्रकारचा भार आहे. एक वरून येणारा. एक किलोमीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 270 किलोग्रॅम खडकाचे ओझे असते. दुसरा भार आडवा. तो येतो कोठून, हे समजण्यासाठी दृष्टी दूरवर न्यावी लागते.

पृथ्वीचे कठीण बाह्य कवच अखंड नाही. ते अनेक प्रचंड तुकड्यांचे बनले आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर वेगाने उत्तर-ईशान्येकडे सरकत आहे. त्याच्या पूर्वेकडील कडेला, अंदमान ते सुमात्रा या पट्ट्यात, समुद्रतळाचा जड खडक शेजारच्या भूपट्टाखाली शिरतो. अशा पट्ट्यास अधोगमन क्षेत्र म्हणतात. 26 डिसेंबर 2004 रोजी तेथेच सुमारे 1300 किलोमीटर लांबीचा प्रस्तरभंग सरकला आणि त्सुनामीच्या लाटा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळल्या. उत्तरेकडे स्थिती निराळी आहे. तेथील प्राचीन समुद्राचा तळ खाली शिरून संपला आणि सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भूखंडाला भूखंड भिडले. भूखंडाचा खडक हलका. तो सहजासहजी खाली जात नाही. म्हणून हिमालय उंचावला. जड पेटी भिंतीकडे रेटताना तिच्यापुढील सतरंजीला सुरकुत्या पडाव्यात, तसेच हे. रेटा अजून थांबलेला नाही, आणि त्याची प्रतिक्रिया साऱ्या भूपट्टात मागे, पार माळव्यापर्यंत, पोचते.

खडकाच्या आत निर्माण होणाऱ्या या अंतर्गत बलाला शास्त्रीय भाषेत प्रतिबल म्हणतात. आपण त्याला ताण म्हणू. ताण डोळ्यांना दिसत नाही. मग त्याची दिशा कशी ओळखावी? वर्गातील खडू हाती घ्या. दोन्ही टोके धरून तो सरळ ओढला तर आडवा तुटतो. पिळला तर तिरकस, मळसूत्राच्या आकारात तुटतो. कोणी तो कसा तोडला हे न पाहिलेला मनुष्यही तुकडे पाहून सांगू शकेल. भूशास्त्रज्ञ हेच करतो. तो भंगावरून बल ओळखतो.

त्याची पहिली साधने म्हणजे भूकंपलेखक यंत्रे. प्रस्तरभंग सरकतो तेव्हा काही दिशांच्या केंद्रांवर पहिला धक्का जमीन वर उचलणारा येतो, तर इतर दिशांना खाली खेचणारा. अनेक केंद्रांवरील या नोंदी एकत्र मांडल्या की प्रस्तरभंग कसा होता व खडक कोणत्या बाजूने दाबला गेला, हे कळते. दुसरे साधन म्हणजे खोल विंधनछिद्र. वाटोळ्या छिद्राच्या भिंतीवर सर्वांत मोठ्या आडव्या दाबाच्या काटकोनातील दोन बाजूंच्या कपच्या निघतात व छिद्र लांबट होते. छिद्राचा एखादा भाग बंद करून त्यात जोराने पाणी भरले, तर खडकाला चीर पडते. ती मोठ्या दाबाच्या दिशेने धावते. चीर पुन्हा मिटताना पाण्याचा जो दाब असतो, त्यावरून लहान दाबाचे मापही मिळते. कऱ्हाड येथील केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली कोयना परिसरात सुमारे 3 किलोमीटर खोल विंधनछिद्र घेण्यात आले, ते याच विद्येसाठी.

अशा नोंदींचा जागतिक नकाशा रचण्याचे कार्य 1986 साली सुरू झाले. त्यावरील प्रत्येक आखूड रेघ त्या ठिकाणच्या सर्वांत मोठ्या आडव्या दाबाची दिशा दाखविते, आणि रंगावरून खडक ताणला जातो, आडवा घसरतो की एकमेकांवर चढतो, हे समजते. नोंदींना विश्वासार्हतेनुसार वर्गही दिले आहेत. सर्वोत्तम वर्गात दिशेची चूक 15 अंशांच्या आत असते. भारतापुरते हे काम हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील गौड, श्रीराम राव व गौर यांनी 1992 साली प्रसिद्ध केले. मध्य व उत्तर भारताच्या मोठ्या भागात दाबाची दिशा उत्तर-ईशान्य आहे, म्हणजे भूपट्टाच्या वाटचालीशी जुळणारी आहे, असे त्यांना आढळले.

अधोगमन क्षेत्राजवळ हा ताण भूकंपाने कसा पालटतो, याचे उदाहरण जपानने दिले. 11 मार्च 2011 च्या महाभूकंपानंतर पुढच्याच वर्षी ‘चिक्यू’ या जहाजाने सुमारे 6900 मीटर खोल पाण्याखाली, समुद्रतळात 800 मीटरांहून अधिक खोल छिद्र घेतले. शेकडो वर्षे साठलेला ताण त्या जागी जवळजवळ पूर्णपणे मोकळा झाल्याचे त्याच्या भिंतींनी सांगितले.

आपल्या पठारावर ताण इतक्या वेगाने साठत नाही. पण संथ म्हणजे शून्य नव्हे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात 6.2 प्रतीचा भूकंप झाला. तोपर्यंत हा प्रदेश भूकंपधोक्याच्या सर्वांत खालच्या वर्गात गणला जात असे. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदांची जड छते निजलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार जीव गेले. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपूर हादरले. तो धक्का नर्मदेच्या खोऱ्यातील प्राचीन प्रस्तरभंगावरचा होता, आणि ते खोरे टावर चौकापासून दक्षिणेस सुमारे 100 किलोमीटरांवर आहे. दोन्ही भूकंपांत खडकावर खडक चढला. दाबाची दिशा ढोबळमानाने उत्तर-दक्षिणच होती. म्हणजे उत्तरेकडील त्या रेट्याने जुन्या भेगा हलविल्या.

कोयनेचे उदाहरण आणखी एक गोष्ट शिकविते. तेथील जलाशयात 1962 साली पाणी साठू लागले आणि 11 डिसेंबर 1967 रोजी 6.3 प्रतीचा भूकंप झाला. पाण्याने ताण उत्पन्न केला असे नव्हे. खडकात तो आधीच होता. भेगांत झिरपणाऱ्या पाण्याने त्यांची पकड सैल केली, असे शास्त्रज्ञ मानतात.

या नकाशाची मर्यादाही ध्यानात ठेवावी. कोणती भेग कोणत्या दिशेने दाबली जात आहे व ती सरकण्यास कितपत अनुकूल आहे, हे तो सांगतो. वार आणि घटका सांगत नाही. जो कोणी भूकंपाची तारीख सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. तारखेवाचूनही करण्यासारखे पुष्कळ आहे. भिंतींना आडव्या पट्ट्यांनी बांधणे, छत हलके ठेवणे, शाळा व दवाखाने नियमांप्रमाणे उभारणे, ही कामे कोणत्याही मुहूर्ताची वाट पाहत नाहीत. सर्वंसहा भूमीच्या सहनशक्तीलाही सीमा आहे. ती सीमा ओलांडली जाईल तेव्हा आपली घरे टिकावीत, एवढे सामर्थ्य त्यांना देणे मात्र आपल्याच हाती आहे.